कानांची गोष्ट डोळ्यांसमोर येते तेव्हा : ‘टॉमी’चा तबकडीपासून रंगभूमीपर्यंतचा प्रवास

१

३१ जानेवारी १९६९ रोजी अहमदनगरजवळील (आताच्या अहिल्यानगरजवळील) मेहेराझाद येथे मेहेरबाबांचे निधन झाले. १० जुलै १९२५ पासून, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस वर्षे, त्यांनी मौन पाळले होते. पुढे इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून ते आपले म्हणणे सांगत. १९५४ साली त्यांनी ती पाटीही बाजूला ठेवली आणि केवळ हातांच्या खुणा उरल्या. त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांच्या आत, मे १९६९ मध्ये, ‘द हू’ या लंडनमधील रॉक बँडची ‘टॉमी’ ही दुहेरी तबकडी प्रसिद्ध झाली. तिचा नायक आहे न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा एक मुलगा. तबकडीच्या वेष्टनावरील श्रेयनामावलीत निर्माता, चित्रकार यांच्या बरोबरीने ‘अवतार’ असे एक पद होते आणि त्यापुढे मेहेरबाबांचे नाव छापलेले होते.

पुण्यात जन्मलेल्या, तेथेच डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि हजरत बाबाजान व साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासात घडलेल्या एका इराणी घराण्यातील पुरुषाचे नाव विजेच्या गिटारींनी दणाणणाऱ्या तबकडीवर कसे पोहोचले, ही स्वतंत्र कथा आहे. तिच्याकडे आपण शेवटी येऊ. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या तबकडीचे पुढे काय झाले, हा. १९९३ साली ‘टॉमी’ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकाच्या रूपाने उभी राहिली. तबकडी ते नाटक या अंतराला तब्बल चोवीस वर्षे लागली. गाणी तीच, मुख्य लेखकही तोच. तरीही नाटकाचा शेवट तबकडीच्या शेवटापासून फार दूर गेला. तो का गेला, हा आमचा प्रश्न आहे. माध्यमांतराविषयी वर्गात बोलताना आपण सहसा कादंबरी आणि चित्रपट ही जोडी घेतो. जिथे मूळ कृतीच केवळ श्राव्य आहे, तिथे माध्यमांतराचे प्रश्न अधिक उघडे आणि अधिक अवघड होतात, असे आम्हांला वाटते.

२

‘द हू’चा गिटारवादक आणि प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड याचा जन्म १९ मे १९४५ चा. युरोपातील महायुद्ध संपले त्याच महिन्यातला. तीन मिनिटांच्या गाण्यापलीकडे रॉक संगीताला जाता येईल काय, हा प्रश्न त्याला साठच्या दशकाच्या मध्यापासून छळत होता. १९६६ साली त्याने ‘अ क्विक वन, व्हाइल ही इज अवे’ ही सुमारे नऊ मिनिटांची, तुकड्यातुकड्यांनी गोष्ट सांगणारी रचना केली. बँडचा व्यवस्थापक आणि निर्माता किट लँबर्ट हा कॉन्स्टंट लँबर्ट या इंग्रज संगीतकाराचा मुलगा. ऑपेरा त्याच्या घरातलाच होता. ‘रॉक-ऑपेरा’ या कल्पनेला त्याने खतपाणी घातले. १९६८ साली ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टाउनशेंडने या मुलाची संपूर्ण कल्पना बोलून दाखवली. एका अर्थी ती मुलाखतच संहितेचा पहिला खर्डा ठरली.

याच सुमारास माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्रामुळे टाउनशेंडला मेहेरबाबांच्या विचारांची ओळख झाली. मेहेरबाबांनी मादक द्रव्यांतून ईश्वर शोधणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांना स्पष्ट विरोध केला होता, आणि टाउनशेंडही त्या द्रव्यांपासून दूर झाला होता. पुढे ‘टॉमी’चे तीन घड्यांचे मुखपृष्ठ मॅकइनर्नीनेच रंगवले. इंद्रियांनी जग कळते, हा आपला भ्रम आहे. इंद्रिये मिटलेल्या माणसाला कदाचित अधिक काही कळत असेल, ही तबकडीची मूळ कल्पना या वातावरणातली आहे.

परंतु या उंच कल्पनेच्या जोडीला एक निव्वळ योगायोगही होता. काम बरेचसे झाल्यावर टाउनशेंडने ते निक कोन या समीक्षक-मित्राला ऐकवले. कोनला ते फारसे भावले नाही. कोन पिनबॉल या यांत्रिक खेळाचा शौकीन होता. मग आपला नायक पिनबॉलचा अजिंक्यवीर झाला तर, असे टाउनशेंडने विचारले. समीक्षकाची कळी खुलली आणि ‘पिनबॉल विझर्ड’ हे गाणे लिहिले गेले. आज ‘टॉमी’ म्हटले की लोकांना प्रथम आठवते ते हेच गाणे. एका महत्त्वाकांक्षी कृतीचे केंद्रस्थान एका समीक्षकाची मर्जी राखण्यासाठी उशिरा घातले गेले, ही गोष्ट ‘कलाकृतीची सेंद्रिय एकात्मता’ शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३

तबकडीवर २४ रचना आहेत आणि त्यांचा एकूण काळ सुमारे ७५ मिनिटे. कथानक थोडक्यात असे. पहिल्या महायुद्धात कॅप्टन वॉकर बेपत्ता होतो. मागे त्याच्या पत्नीला मुलगा होतो. काही वर्षांनी, १९२१ साली, बेपत्ता पती अचानक परततो. घरात पत्नीचा प्रियकर असतो. काहीतरी भयंकर घडते आणि मुलगा ते आरशात पाहतो. ‘तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस, कुणाला काही सांगायचे नाही’ अशा अर्थाची ताकीद आईबाप त्याला देतात, आणि मुलगा ती शब्दशः पाळतो. त्याची दृष्टी, श्रवण आणि वाणी बंद होते. चुलतभाऊ त्याचा छळ करतो, काका त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतो, उपचार करणारे येतात आणि जातात. मुलगा पिनबॉलमध्ये अजिंक्य ठरतो. अखेर आई आरसा फोडते, त्याची इंद्रिये मोकळी होतात, लोक त्याला प्रेषित मानू लागतात. आपल्यासारखा अनुभव यावा म्हणून तो अनुयायांना डोळे, कान, तोंड बंद करून खेळायला लावतो. अनुयायी बंड करून निघून जातात. शेवटी एक आळवणी उरते.

हे कथानक आम्ही सलग सांगितले खरे. पण तबकडी ऐकणाऱ्याला ते असे सलग मिळत नाही. ‘काहीतरी भयंकर घडते’ असे आम्ही लिहिले ते हेतुपुरस्सर. खून झाला, हे गाण्यात कुठेही उच्चारलेले नाही. कुणी कुणाला मारले, हे तर नाहीच. बहुतेकांनी पतीने प्रियकराला मारले असे मानले. पुढे चित्रपटाने नेमके उलटे दाखवले. एकाच ओळींतून दोन परस्परविरोधी घटना निघू शकल्या, कारण तिथे घटना नव्हती, तिचा फक्त परिणाम होता.

मराठी वाचकाला येथे ‘गीतरामायणा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतांतून माडगूळकर-फडके यांनी रामकथा सांगितली. तीही केवळ कानांसाठीच. पण दोन गीतांमधली रिकामी जागा श्रोता आपल्या पूर्वस्मरणातून भरत होता, कारण कथा त्याला आधीपासून ठाऊक होती. ‘टॉमी’च्या श्रोत्याजवळ असे कोणतेही पूर्वस्मरण नव्हते. त्याने रिकाम्या जागा स्वतःच्या भयांनी आणि स्वतःच्या बालपणाने भरल्या. तबकडीची ताकद तिच्या अपुरेपणात आहे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

दुसरी गोष्ट आवाजांची. तबकडीवर सारी पात्रे बँडमधल्या मोजक्या गळ्यांत वाटली गेली आहेत. रॉजर डाल्ट्री कधी टॉमी असतो, कधी निवेदक, तर कधी टॉमीकडून हरलेला खेळाडू. अ‍ॅसिड क्वीन ही बाई, पण तिचे गाणे टाउनशेंड गातो. श्रोत्याला यात काहीच खटकत नाही. कोण बोलते आहे, हा प्रश्न कानाला तितकासा पडत नाही. तो डोळ्यांना पडतो. शिवाय मुक्या मुलाचे अंतरंग आपल्याला ऐकू येते, ही विसंगतीही ध्वनिमुद्रणात सहज पचते. आवाज आहे, पण तोंड दिसत नाही. म्हणून तो आवाज आतला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

अत्याचाराची दोन गाणी टाउनशेंडने स्वतः लिहिली नाहीत. ती त्याने जॉन एन्टविसल या सहकाऱ्याकडून लिहवून घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने लहानपणी आजीकडे काढलेल्या काळाच्या जखमांविषयी लिहिले आहे. ते वाचल्यावर या तबकडीतले न बोलणे केवळ आध्यात्मिक रूपक राहत नाही. घरातल्या माणसांनी मुलावर लादलेले ते गप्प बसणे होते. हा मुद्दा नाटकाच्या शेवटाकडे पाहताना कळीचा ठरणार आहे.

४

मधल्या चोवीस वर्षांत ‘टॉमी’ कुणाच्याच हाती एका रूपात स्थिरावली नाही. प्रथम ती मैफल झाली. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात बँडने तिचा बराचसा भाग पहाटे सादर केला आणि अखेरच्या आळवणीच्या वेळी सूर्य उगवला. ७ जून १९७० रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये तिचे दोन प्रयोग झाले. ‘रॉक-ऑपेरा’ हा काहीसा थट्टेने वापरलेला शब्द खऱ्याखुऱ्या ऑपेराघरात जाऊन बसला. पण तिथेही नाट्य असे काही नव्हते. चार माणसे, वाद्ये आणि ध्वनिवर्धक, एवढेच.

मग इतरांनी ती हाती घेतली. १९७० साली फर्नांड नॉल्ट यांच्या नृत्यरचनेने कॅनडातील ‘ले ग्रां बाले कानाडियां’ने तिचा बॅले केला. १९७१ मध्ये सिअ‍ॅटल ऑपेराने ती रंगमंचावर आणली, त्यात बेट मिडलर अ‍ॅसिड क्वीन झाली. १९७२ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह तिचे भव्य ध्वनिमुद्रण झाले. १९७५ मध्ये केन रसेलने चित्रपट काढला. डाल्ट्री टॉमी, अ‍ॅन-मार्गरेट आई, टीना टर्नर अ‍ॅसिड क्वीन, एल्टन जॉन पिनबॉलचा जुना अजिंक्यवीर. त्यात जवळजवळ सर्व काही गायलेलेच आहे. रसेलने काळ पहिल्या महायुद्धावरून दुसऱ्यावर आणला आणि खून बापाचा झाला. शेवटी टॉमी एकटा डोंगर चढतो आणि उगवत्या सूर्यासमोर हात पसरतो.

याच काळात तबकडीकडून रंगभूमीकडे जाणारी दुसरी एक वाटही पडली होती. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ची तबकडी १९७० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ती ब्रॉडवेवर पोहोचली. ‘एव्हिटा’ १९७६ मध्ये तबकडी होती, १९७८ मध्ये नाटक झाले. पण हे दोघे रंगभूमीचीच माणसे. त्यांची तबकडी म्हणजे अजून न उभ्या राहिलेल्या नाटकाचे ध्वनिमुद्रण होते. शिवाय ख्रिस्ताची कथा श्रोत्याला ठाऊक होती. येथेही गीतरामायणाचाच न्याय लागू पडतो. ‘टॉमी’च्या मागे असे लपलेले नाटक नव्हते. ते नंतर शोधावे लागले.

५

सप्टेंबर १९९१ मध्ये सायकलवरून पडून टाउनशेंडचे मनगट मोडले. गिटार वाजवणे बंद झाले. सक्तीच्या या विश्रांतीत ‘टॉमी’च्या नाट्यरूपाचा प्रस्ताव त्याने गांभीर्याने घेतला आणि कॅलिफोर्नियातील ला होया प्लेहाउस या नाट्यसंस्थेचा कलासंचालक डेस मॅकअ‍ॅनफ याच्याशी त्याची गाठ पडली. दोघांनी मिळून संहिता लिहिली. १९९२ च्या उन्हाळ्यात ला होयाला प्रयोग झाले आणि २२ एप्रिल १९९३ रोजी ब्रॉडवेच्या सेंट जेम्स थिएटरात नाटक उघडले. जून १९९५ पर्यंत त्याचे ८९९ प्रयोग झाले. दिग्दर्शन, संगीत, नृत्यरचना, नेपथ्य आणि प्रकाशयोजना असे पाच टोनी पुरस्कार त्याला मिळाले. सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा पुरस्कार मात्र ‘किस ऑफ द स्पायडर वुमन’ने नेला.

मॅकअ‍ॅनफ-टाउनशेंड जोडीपुढचा पहिला प्रश्न तांत्रिक होता आणि तोच सर्वांत खोल होता. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, असा नायक रंगमंचावर दोन अंक काय करणार? तबकडीतला तोंड नसलेला आवाज इथे चालणार नव्हता. त्यांनी उत्तर आरशात शोधले. टॉमी तीन नटांत विभागला गेला : चार वर्षांचा, दहा वर्षांचा आणि तरुण. तरुण टॉमी (१९९३ साली मायकेल सेर्व्हेरिस) सुरुवातीपासूनच निवेदक म्हणून आणि लहानग्याला आरशात दिसणारी आकृती म्हणून मंचावर वावरतो. मुलगा स्तब्ध, त्याचे अंतरंग समोर उभे राहून गाणारे. तबकडीने जे श्रोत्याच्या कल्पनेवर सोडले होते, त्याला येथे देह मिळाला. ही युक्ती इतकी चपखल आहे की ती मुळातच होती असे वाटावे.

दुसरा प्रश्न कार्यकारणाचा. तबकडीच्या सुरुवातीचे वाद्यसंगीत नाटकाने एक प्रकारची मूकनांदी म्हणून वापरले. शब्द न उच्चारता कॅप्टनची आणि त्याच्या पत्नीची भेट, विवाह, युद्ध, हवाई छत्रीतून उडी, शत्रूच्या हाती सापडणे, हे सारे प्रेक्षक पाहतो. काळ दुसऱ्या महायुद्धाचा केला गेला. बाप १९४५ मध्ये परततो आणि मुलगा साठच्या दशकात तरुण होतो. अशा रीतीने कथा लेखकाच्या स्वतःच्या पिढीची झाली. खून स्पष्ट दिसतो, आणि तो बापाच्याच हातून होतो. दुसऱ्या बाजूच्या अखेरची, केवळ वाद्यांवरची दहा मिनिटांची रचना आखडून दोन अंकांमधल्या जागी बसवली गेली. ‘पिनबॉल विझर्ड’ हे हरलेल्या खेळाडूचे स्वगत होते. ते आता चुलतभाऊ केव्हिन आणि गल्लीतल्या पोरांचे समूहगीत होऊन पहिल्या अंकाचा पडदा पाडते. आणि आईबापांसाठी टाउनशेंडने ‘आय बिलीव्ह माय ओन आइज’ हे नवे गाणे लिहिले. उपाय थकले, आशा संपली, असे सांगणारे हे दांपत्यगीत. तबकडीतले आईबाप जवळजवळ सावल्या होते. नाटकात ते दमलेली, अपराधी, प्रेम करणारी माणसे झाली.

आपल्या संगीत नाटकात पदाला नाटकात जागा शोधावी लागे. येथे नाटकालाच पदांच्या मधल्या फटींत जागा शोधावी लागली. हे काम मूलतः वाचनाचे आहे, समीक्षेचे आहे. प्रत्येक रिकाम्या जागेपाशी थांबून ‘येथे काय घडले असेल?’ असे विचारणे आणि एकच उत्तर निवडणे. या निवडींतून नाटकाने पुष्कळ मिळवले. आईबापांचे दुःख मिळवले, मुलाचे एकटेपण डोळ्यांना दिसेल असे केले. पण प्रत्येक निवडीबरोबर दुसऱ्या शक्यता मिटत गेल्या. शिवाय जे तबकडीवर रूपक होते त्याला देह मिळाल्यावर नवा प्रश्नही उभा राहिला. अपंगत्व हे आध्यात्मिक स्थितीचे चिन्ह म्हणून वापरणे कितपत न्याय्य आहे? मंचावरच्या खऱ्याखुऱ्या लहान मुलाला हातोहात फिरवले जाताना पाहून हा प्रश्न टाळता येत नाही. ऐकताना तो टाळता येत होता.

६

आता शेवट. तबकडीत अनुयायी टॉमीला नाकारतात आणि तो पुन्हा आपल्या आतल्या जगाकडे वळतो. ‘सी मी, फील मी’ची ती व्याकूळ विनवणी येते आणि तिच्यातून ‘लिसनिंग टू यू’ या नावाने ओळखली जाणारी आळवणी उसळते. कुणाला तरी उद्देशून तो म्हणतो आहे. त्या कुणाच्या ऐकण्यातून, पाहण्यातून आपल्याला सारे मिळते, असा तिचा आशय. पण तो ‘यू’ कोण?

येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. या आळवणीचा अनुवाद करायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच शब्दाशी अडखळावे लागेल. ‘तू’ लिहायचे, ‘तुम्ही’, की ‘आपण’? ‘तू’ म्हटले तर तो ईश्वर होईल किंवा आतला आत्मा. आपल्या अभंगांतला ‘तू’ तसाच असतो. ‘तुम्ही’ म्हटले तर समोरचा जनसमुदाय होईल, किंवा आदरार्थी गुरू. इंग्रजीत हे सारे एकाच सर्वनामात मावते आणि तबकडीने ते तसेच मावू दिले. वुडस्टॉकला जमलेल्या लाखोंना तो ‘तुम्ही’ आपण आहोत असे वाटले असेल. वेष्टनावरचे ‘अवतार’ हे पद वाचणाऱ्याला तो गुरू वाटला असेल. दोघांचेही चुकले नव्हते.

रंगमंच मात्र अनुवादकाच्याच जागी उभा असतो. नट कुणाकडे तरी तोंड करून गाणार. सर्वनाम निवडल्याशिवाय त्याची सुटका नाही. चित्रपटाने ‘तू’ निवडला आणि सूर्य दाखवला. नाटकाने ‘तुम्ही’ निवडले. तबकडीवर सॅली सिम्प्सन ही केवळ एका गाण्यातली, टॉमीला स्पर्श करू पाहणारी आणि मंचावरून फेकली गेलेली चाहती आहे. नाटकात ती जिवंत पात्र होऊन विचारते की मला तुझ्यासारखे कसे होता येईल? टॉमीचे उत्तर असे की माझ्यासारखे होण्याचे कारणच नाही. जे तुम्हांला सहज मिळाले आहे तेच मिळवण्यासाठी मी धडपडत होतो. चमत्काराच्या आशेने आलेली गर्दी चिडून निघून जाते. टॉमी कुटुंबाकडे वळतो. आईबाप, काका, चुलतभाऊ या साऱ्यांना जवळ करतो. लहान टॉमी त्याला येऊन मिळतात आणि ती आळवणी सर्व जण मिळून प्रेक्षकांकडे तोंड करून गातात.

या शेवटावर त्या काळी दोन तट पडले. अनेक नाट्यसमीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. तबकडीवर वाढलेल्या रसिकांना मात्र ती घरगुती तडजोड वाटली. साठच्या दशकातील बंड नव्वदच्या दशकातील दिवाणखान्यात आणून बसवले गेले, असा त्यांचा सूर होता. आमच्या मते दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत.

बदल करणारा परका कुणी नव्हता, हे विसरून चालणार नाही. तबकडी आली तेव्हा टाउनशेंड नुकताच चोवीस वर्षांचा झाला होता. ब्रॉडवेवरील पहिल्या रात्री तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. चोविसाव्या वर्षी अनुयायांचे बंड आणि एकाकी आळवणी हा शेवट खरा वाटतो; मध्यमवयात घरी परतणे खरे वाटू शकते. मूळ लेखकाने स्वतःच्या कृतीचे केलेले नवे वाचन आपण ‘अधिकृत’ मानावे काय? मानू नये, असे आमचे उत्तर आहे. सत्तेचाळीस वर्षांचा टाउनशेंड हा त्या तबकडीचा एक वाचक आहे. अधिकारी, पण शेवटी एक वाचक.

आणि या वाचकाशी आमचा मतभेद एका ठिकाणी आहे. आईबापांना मिठी मारणे समजू शकते. नाटकाने त्यांना तेवढे माणूसपण दिले आहे. पण अत्याचार करणारा काकाही त्याच मिठीत सामावला जातो, तेव्हा क्षमा केली गेली की विषय मिटवला गेला, हे कळेनासे होते. ज्या घराने ‘तू काही पाहिले नाहीस’ असे सांगून मुलाला गप्प केले, त्याच घराकडे परतताना मुलाने आधी ‘मी पाहिले’ असे म्हणायला हवे होते. वाचा आलेल्या टॉमीला हे एकच वाक्य नाटक देत नाही. तबकडीही ते देत नाही, हे खरे. पण तबकडी त्याला त्या मिठीतही नेत नाही. तिच्या मौनात तक्रारीला जागा उरते. नाटकाच्या समूहगानात ती उरत नाही.

७

‘टॉमी’नंतर ही वाट रुळली. २००४ ची ग्रीन डे या बँडची ‘अमेरिकन इडियट’ ही ध्वनिमुद्रिका मायकेल मेयरच्या दिग्दर्शनाखाली २००९ मध्ये बर्कलीला आणि २० एप्रिल २०१० रोजी ब्रॉडवेच्या त्याच सेंट जेम्स थिएटरात नाटक म्हणून आली. तिथेही मुळातला धूसर नायक तीन मित्रांत विभागून घ्यावा लागला. ध्वनिमुद्रिकेतला एकच ‘मी’ रंगमंचावर एकटा पुरत नाही, हा ‘टॉमी’चा धडा तिथे पुन्हा दिसतो. खुद्द ‘टॉमी’ मॅकअ‍ॅनफच्याच दिग्दर्शनाखाली मार्च २०२४ मध्ये ब्रॉडवेवर परतली आणि जुलैमध्ये थांबली. म्हणजे वाचन संपलेले नाही.

सुरुवातीला सोडलेला धागा आता उचलतो. मेहेरबाबांचे मौन आणि टॉमीचे मौन यांत एक मूलभूत फरक आहे : एक स्वतःहून स्वीकारलेले, दुसरे लादलेले. तबकडीने हे दोन्ही एकाच मुलात एकत्र कोंडले. म्हणून तो मुलगा एकाच वेळी पीडित आणि द्रष्टा वाटतो. हा गुंता केवळ ध्वनीतच टिकू शकत होता. रंगभूमीने तो सोडवला. तिला तो सोडवावाच लागला, कारण देहधारी पात्राला एका क्षणी एकाच दिशेला तोंड करता येते. त्यात मुलाच्या दुःखाला चेहरा मिळाला आणि मौनाचे गूढ हरवले.

म्हणून ‘तबकडी श्रेष्ठ की नाटक?’ या नेहमीच्या प्रश्नाऐवजी विद्यार्थ्यांनी वेगळा प्रश्न विचारावा, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. माध्यम बदलताना कोणत्या मौनाला बोलते करावे लागले, आणि ते बोलू लागल्यावर नेमके काय बोलले? ‘टॉमी’चे नाटक पुष्कळ बोलते आणि बहुतांशी चांगले बोलते. आरसा फुटल्यावर त्या मुलाने पहिल्याने काय सांगायला हवे होते, एवढे मात्र त्याने सांगितलेले नाही.